बाण हरवला की कंट्रोल दोनदा: पॉवरटॉईज वापरून पाहिल्यावर

"मॅडम, बाण कुठंय?"

इचलकरंजीत संध्याकाळच्या बॅचला मी एक्सेल आणि जीएसटीचं काम शिकवते. समोर बहुतेक सुताच्या पेढ्यांवरचे दिवाणजी, चार-दोन बीकॉमच्या मुली. लॅपटॉप माझ्यापुढं, प्रोजेक्टरची भिंत माझ्या पाठीमागं. लॅपटॉपवर हजेरी, फीची यादी आणि उत्तरं उघडी असतात, त्यामुळं विंडोज-पी दाबून 'डुप्लिकेट' (दोन्हीकडं एकच चित्र) ठेवायची सोय नाही, 'एक्स्टेंड'च (भिंत म्हणजे वेगळा, जोडलेला पडदा) लागतं. आणि एक्स्टेंड केलं की माउसचा बाण भिंतीवर पळतो. मग मान वळवून भिंतीकडं बघत माउस गरागरा फिरवायचा आणि मागून हा प्रश्न ऐकायचा.

मागच्या मार्चमध्ये तर कहर झाला. बाण लॅपटॉपवर आहे असं समजून फुली मारली, तो होता भिंतीवर. पाठोपाठ न वाचता 'डोन्ट सेव्ह'. चाळीस मिनिटं सगळ्यांना घेऊन बांधलेलं पिव्होट टेबल (एक्सेलमधला गोषवाऱ्याचा तक्ता) गेलं. चूक माझीच, पण त्या रात्री घरी जाऊन पॉवरटॉईज उतरवून घेतलं.

पॉवरटॉईज म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच फुकट हत्यारांचा डबा. विंडोज ९५ च्या काळात याच नावाचा एक डबा होता, जुन्या मंडळींना आठवेल. २०१९ मध्ये तो ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) करून नव्यानं आणला. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतो. आत ढीगभर वस्तू आहेत, मी बोलतेय ती फक्त माउसची हत्यारं आणि पडदा मोठा करून दाखवणारं झूमइट. नको ते बंद ठेवता येतं, आणि ठेवाच.

'फाइंड माय माउस' यातलं सोनं. कीबोर्डवरची डावी कंट्रोल दोनदा दाबायची. दोन्ही पडदे अंधारतात आणि बाणाभोवती उजेडाचं वर्तुळ आवळत येतं. क्लिक केलं की अंधार गेला. भिंत काळवंडलेली आणि कोपऱ्यात तो गोल दिसला की वर्गाचीही नजर तिथंच जाते. आता आमचे दिवाणजी "बाण कुठंय" विचारत नाहीत, "मॅडम, बॅटरी मारा" म्हणतात. माउस हलवून बॅटरी लागेल अशीही सोय आहे. ती मी दोन दिवसांत बंद केली, कारण बोलता बोलता हात हलवायची मला सवय आणि भिंत सारखी मिचमिचायला लागली.

'माउस जंप' हे नाव ऐकून वाटलं, आपल्यासाठीच केलंय. विंडोज-शिफ्ट-डी दाबलं की सगळ्या पडद्यांचं छोटं चित्र उघडतं. त्या चित्रात जिथं क्लिक कराल तिथं बाण उडी मारतो. तीन मॉनिटर लावून एकटं बसणाऱ्याला झकास. शिकवणाऱ्यानं मात्र जपून. ते चित्र बाण असेल त्याच पडद्यावर उघडतं. बाण भिंतीवर असताना दाबलं की लॅपटॉपवर जे काही उघडं असेल त्याचं चित्र भिंतीवर, वर्गासमोर. म्हणजे फीची यादी, थकबाकीच्या रकान्यासकट! आधी घरी टीव्हीला जोडून बघितलं म्हणून अब्रू वाचली. माझ्याकडं हे कायमचं बंद.

'क्रॉसहेअर्स'कडून काही अपेक्षा नव्हती. विंडोज-ऑल्ट-पी दाबलं की बाणातून एक आडवी आणि एक उभी रेघ निघते. दिसायला अगदी बंदुकीच्या नेमासारखं. पण एक्सेलमध्ये ४७ वी ओळ आणि 'J' रकाना कुठं मिळतात हे शेवटच्या बाकावरच्या माणसाला दाखवायचं असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही. हायलायटर (विंडोज-शिफ्ट-एच) पहिल्या आठवड्यात कामी येतो. डावं क्लिक केलं की पिवळा ठिपका, उजवं केलं की निळा. "राइट क्लिक म्हणजे नेमकं कुठलं?" याला एवढं सरळ उत्तर मला आजवर देता आलं नव्हतं.

झूमइट आधी वेगळं घ्यावं लागायचं, मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स या हत्यारांच्या संचातलं. जानेवारी २०२५ पासून ते याच डब्यात आलंय. बाण ज्या पडद्यावर असेल तो पडदा मोठा होतो, म्हणून आधी बॅटरी, मग झूम. कंट्रोल-२ नं पडद्यावर लिहिता येतं: आर दाबलं की लाल, जी दाबलं की हिरवा, कंट्रोल धरून ओढलं की चौकट. चहाच्या सुट्टीला कंट्रोल-३ दाबलं की दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालू. एकच पथ्य पाळा. झूमची मूळ कळ कंट्रोल-१ आहे आणि एक्सेलमध्ये त्याच कळेनं 'फॉरमॅट सेल्स' उघडतं. एक्सेल शिकवणाऱ्यानं झूमइटची कळ पहिल्याच दिवशी बदलावी.

एक गोष्ट या डब्यात नाही, विंडोजमध्येच पडून आहे, आणि निम्मं दुखणं तिनंच गेलं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले. तिथं १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. दोन नंबर आपोआप उजवीकडं बसतो, मग भिंत खोलीत कुठंही असो. तो धरून खऱ्या बाजूला ओढायचा. माझा लॅपटॉप १९२० बाय १०८०, प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८, म्हणून चौकोन लहानमोठे दिसतात. जिथं त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात तेवढंच दार, बाकी ठिकाणी बाण आपटून थांबतो. मी दोन नंबरचा चौकोन इतका वर सरकवलाय की जेमतेम अंगठ्याएवढी कड चिकटलेली राहते. मुद्दाम नेल्याशिवाय बाण आता पलीकडं जात नाही. विंडोज ११ मध्ये तिथंच खाली बाणाचं येणं-जाणं सुलभ करणारी एक खूण आहे, 'इझ कर्सर मूव्हमेंट बिट्वीन डिस्प्लेज'. ती काढा. आपल्याला अडथळाच हवाय.

स्लाइड दाखवणाऱ्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये (लॅपटॉपवर स्लाइड आणि टिपणं, भिंतीवर फक्त स्लाइड) कंट्रोल-एल दाबून लॅपटॉपवरच्या स्लाइडवर लाल ठिपका फिरवला की तो भिंतीवरही फिरतो. बाण पलीकडं न्यायचं कामच नाही.

दुसऱ्याच्या मशीनवर काही उतरवून घ्यायला परवानगी नसते तेव्हा मी माउस प्रॉपर्टीजमधल्या पॉइंटर ऑप्शन्समध्ये जाऊन शेवटच्या चौकटीत खूण करते. मग एकदा कंट्रोल दाबलं की बाणाभोवती कडी उमटतात. बॅटरीइतकं ठळक नाही, पण चालतं. शिवाय सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत बाणाचा आकार १ पासून १५ पर्यंत वाढवता येतो, रंगही बदलता येतो. एका कॉलेजात दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, तिथं १२ आकार आणि गुलाबी रंग करून ठेवला आणि पूर्ववत करायचा राहिला. सोमवारी सकाळी तिथल्या लॅब असिस्टंटचा फोन आला, "मॅडम, प्राचार्य विचारतायत, हा गुलाबी बाण कुणाचा?"