पलासियातील रील वर्ग: शिकवणी चोख, सोबतचे पॅकेज मात्र नको

इंदूरमध्ये खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करणाऱ्यांची वाण नाही. सराफ्यात रात्री जलेबाच्या कढईभोवती कधी कधी गिऱ्हाइकांपेक्षा मोबाईलच जास्त दिसतात. या गर्दीत हजार ते दहा हजार फॉलोअर असलेल्या, म्हणजे जाहिरातदारांच्या भाषेत ‘नॅनो’ गटातल्या खात्यांनी कसे वाढावे, हे शिकवणारा शनिवार-रविवारचा एक वर्ग पलासिया भागात चालतो. लोकमान्यनगर आणि सुदामानगरकडच्या, घरून मसाले व लोणची विकणाऱ्या काही मराठी मंडळींबरोबर मीही तो केला.

शिकवणी खरोखर चांगली आहे. शिक्षकांनी एका काकूंची कैरीच्या लोणच्याची रील पडद्यावर लावली आणि प्रेक्षक कोठे सोडून जातात, हे दाखवणारा आलेख शेजारी उघडला. आधी नमस्कार, मग नाव, मग बोधचिन्ह, आणि लोणचे येईपर्यंत रेषा निम्म्याखाली घसरलेली. गरम फोडणी फोडींवर ओततानाच्या दृश्याने सुरुवात करा, असे त्यांनी सुचवताच काकूंनी त्यांना तिथल्या तिथे अडवले, कारण लोणच्यावर फोडणी गार करूनच घालतात. शेवटी कढल्यात तडतडणारी मोहरी आधी घ्यायची, असे ठरले, आणि ते दृश्य अधिक खरेही होते.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ मध्ये पाहण्याचा वेळ, लाइक आणि इतरांना पाठवणे हे तीन घटक पोस्ट किती जणांना दाखवायची हे ठरवताना सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले होते. त्यांतही अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचायचे असेल, तर पाठवण्याला अधिक वजन असते. वर्गात हा मुद्दा नुसता सांगितला नाही, तर कोणती रील कोण कोणाला पाठवील, हे प्रत्येकाकडून लिहून घेतले. दुकानदाराबरोबर कोलॅब, म्हणजे दोघांच्या नावाने एकच पोस्ट केल्यास ती दोन्ही खात्यांच्या फॉलोअरना दिसते आणि लाइक व कमेंट एकत्रच मोजल्या जातात, हेही नीट दाखवले. कमेंटला नुसता बदाम न टाकता पुढचा प्रश्न विचारावा, ही सूचना साधी असली तरी उपयोगी आहे.

खटकले ते रविवारी संध्याकाळी पुढे आलेले ‘ग्रोथ पॅकेज’. एकमेकांच्या पोस्टवर ठरवून कमेंट करणारा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि बक्षीस योजनेतून मिळणारे फॉलोअर, असे त्याचे स्वरूप होते. साधा हिशेब करावा: पाच हजार फॉलोअरांपैकी दोनशे जण प्रतिसाद देत असतील, तर प्रमाण चार टक्के होते, बक्षिसाच्या आशेने आणखी पाच हजार आले आणि प्रतिसाद तेवढाच राहिला, तर ते दोन टक्क्यांवर येते. शिवाय छप्पन दुकान या खाऊगल्लीतला एखादा व्यापारी इनसाइट्समधली, म्हणजे खात्याच्या आकडेवारीतली, फॉलोअरांच्या शहरांची यादी मागतो, तेव्हा इंदूर तळाशी असलेले खाते त्याच्या काय कामाचे? दोन दिवस जे शिकवले, त्याच्या नेमके उलट असलेले काही त्याच टेबलावर विकायला ठेवणे मला अनाकलनीय वाटले.

दुसरी उणीव कायद्याची. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसेच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू घेऊन केलेली शिफारससुद्धा ठळकपणे, त्या पोस्टच्याच भाषेत जाहीर करावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट थाळीच्या बदल्यात रील करणाऱ्यांनी भरलेल्या वर्गात याचा उच्चारही होऊ नये, हे बरे नव्हे.

तरीही मूळ वर्गाचे शुल्क मला वसूल झाल्यासारखे वाटते; पॅकेज मात्र स्पष्ट शब्दांत नाकारावे. वर्ग हिंदीत चालतो, त्याची अडचण येत नाही. जाण्यापूर्वी आपले खाते प्रोफेशनल करून त्यावर काही रील टाकून ठेवाव्यात, कारण वैयक्तिक खात्यात इनसाइट्स दिसत नाहीत आणि मग आलेखाचा निम्मा तास दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावण्यात जातो.