सीलबंद प्रभुभोजन प्याला : आजाऱ्याच्या खाटेपाशी गुणी, रविवारी गोंधळी

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा ख्रिस्ती विधी. करोनाच्या काळात चर्चच्या मंडळ्यांमध्ये शिरलेला त्याचा हा सीलबंद प्याला अजून बऱ्याच ठिकाणी मुक्कामाला आहे. रचना सोपी आहे. तळाशी प्लास्टिकच्या प्याल्यात पाच-सहा मिलिलिटर द्राक्षाचा रस, त्यावर चिकटवलेलं फॉइल, फॉइलवर बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाचं, वेफर आणि सगळ्यात वर पारदर्शक फिल्म. भाकर आणि प्याला एकाच पाकिटात. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला आवडतो, कारण शनिवारी संध्याकाळी रस गाळायला आणि प्याले भरायला माणसं शोधावी लागत नाहीत. धुणं-पुसणंही नाही.

पण खरी परीक्षा उघडताना होते. फिल्मचं आणि फॉइलचं टोक एकमेकांना खेटून असतं. नखाने घाईत ओढलं की दोन्ही एकदम निघतात, वेफर मांडीवर आणि रस पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या साडीवर. प्याला मधोमध धरून दाबला तरी तेच होतं, कारण प्लास्टिक मऊ असतं आणि फॉइल सुटताच रस वर उसळतो. म्हणून प्याला काठाखाली दोन बोटांत सैल धरायचा, आधी फक्त पारदर्शक टोक सोडवायचं, वेफर तळहातावर घ्यायचं आणि मग फॉइल आपल्यापासून दूर, अर्ध्यापर्यंतच सोलायचं. पूर्ण काढायची गरज नाही, अर्ध्या फटीतून रस नीट पिता येतो.

शंभर माणसांची मंडळी असेल तर दोनशे वेळा चरचर होणार, आणि ती नेमकी येशूचे “हे माझे शरीर आहे” हे शब्द म्हणताना. पाळकांनी कितीही गंभीर चेहरा केला तरी त्या क्षणी उपासना फरसाणाच्या दुकानात भरल्यासारखी वाटते. उपाय आहे : गीत चालू असतानाच वरची फिल्म काढून घ्यायला सांगा आणि फॉइलसाठी प्रार्थनेनंतर अर्धा मिनिट थांबा. संधिवाताची बोटं असलेल्या आजींचा प्याला शेजाऱ्याने उघडून द्यावा. भोजनाला जमल्यावर एकमेकांसाठी थांबा, असं बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंच आहे (1 करिंथ 11:33). फॉइलचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, तरी सल्ला चपखल बसतो.

चवीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वेफर टाळूला चिकटतं. पावसाळ्यात, फिल्मचा जोड कच्चा असेल तर, ते चिवट होतं. रस गोड आणि बेताचा.

साठवणुकीकडे मात्र लक्ष हवं. मे महिन्यात चर्चच्या पत्र्याखालच्या खोलीत खोकं ठेवलं की रस तपकिरी पडतो. तेवढ्याने तो बाद होत नाही, पण फॉइल फुगलेलं दिसलं तर प्याला सरळ फेकावा, कारण आत रस आंबून वायू धरलेला असतो. गंमत म्हणजे हेच आंबणं थांबवायला अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट पंथाच्या दंतवैद्याने 1869 मध्ये द्राक्षाचा रस तापवून बाटलीबंद केला, आणि तोही प्रभुभोजनासाठीच. दारूबंदीवाल्या मंडळीने फुगलेला प्याला वाटला तर बिचाऱ्या वेल्चचे कष्ट वायाच.

जुन्या चाळीस भोकांच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये हे प्याले बसतीलच असं नाही, कारण काठ रुंद असतो. मागवण्याआधी एक नमुना बसवून पाहा. वाटपानंतर प्रत्येक प्याल्यात थेंबभर रस उरतो. बाकाखाली राहिला तर संध्याकाळच्या उपासनेआधी मुंग्या हजर. दाराशी झाकणाची बादली ठेवा.

हा प्याला खरा कामाचा ठरतो तो घरभेटीत आणि दवाखान्यात. बाटली, डबी, प्याले अशी पेटी वागवावी लागत नाही, सांडत नाही, आणि एका माणसासाठी बाटली फोडून उरलेला रस काय करायचा हा प्रश्नही उरत नाही. फक्त आधी नर्सला विचारा : शस्त्रक्रियेमुळे रुग्णाला उपाशी ठेवलेलं असू शकतं. गिळायला त्रास असेल तर कोरडं वेफर देऊ नका. तुकडा रसात भिजवून चमच्याने द्या, तेही डॉक्टरांची ना नसेल तरच.

रविवारसाठी मात्र घरचा रसच बरा. पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं मंद उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. साधारण पाऊण लिटर रस निघतो, म्हणजे शंभरेक प्याले होतात. फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.

सीलबंद प्याले घ्यायचेच तर वर्षाचा साठा एकदम भरू नका. खोकं हाती आल्यावर मुदतीची तारीख वाचा आणि त्यातला एक प्याला उन्हाळ्यात मुद्दाम उघडून पाहा. भावात पाठवणीचा खर्च धरून मगच हिशेब करा. लहान मंडळीला तिथेच घरचा रस स्वस्त पडतो.