बटर की स्प्रेड? निकाल डब्यातल्या सँडविचने लावला

गेल्या पावसाळ्यात रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा काठावर निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. "बटर, चीज, फरसाण जरा आवरा, तीन महिन्यांनी परत बघू," एवढंच म्हणाले. ठाण्याच्या नौपाड्यात राहून फरसाण आवरायचं म्हणजे घरी यायचा रस्ताच बदलायला हवा. त्यापेक्षा बटर बदलणं सोपं वाटलं. त्याच आठवड्यात आमच्या फ्रिजच्या दारातली पिवळी वीट गेली आणि तिच्या जागी झाकणावर हृदयाचं चित्र असलेला स्प्रेडचा, म्हणजे बटरऐवजी ब्रेडला लावायच्या मुख्यतः तेलाच्या पदार्थाचा, डबा आला.

तो डबा, नंतर त्याचे दोन भाऊबंद, मध्येच पीनट बटर आणि शेवटी पुन्हा बटर, असा साधारण आठ महिन्यांचा प्रवास झाला. दुकानातल्या काचेच्या फ्रिजसमोर हात घुटमळत असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. आहारतज्ज्ञ मी नाही. कोणाला हृदयाचा त्रास असेल किंवा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं असेल, तर पुढचं करमणूक म्हणून वाचा आणि डॉक्टरांचंच ऐका.

आधी स्प्रेडची बाजू, कारण ती लंगडी नाही. लोण्यातल्या स्निग्धांशाचा निम्म्याहून जास्त भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. त्याच्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी अशी तेलं आली तर एलडीएल उतरतं, यावर फारसं दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त चरबीचे १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. २००० कॅलरी धरल्या तर ते साधारण २२ ग्रॅम होतात. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम बटर खाल्लं की त्यातले पाच ग्रॅम सकाळीच संपले. उरलेल्या सतरात दूध, तूप, रात्रीची भाजी आणि शेजारून आलेली करंजी.

स्प्रेडवरचा जुना आरोपही आता तितकासा लागू नाही. आमच्या पिढीच्या डोक्यात मार्गारिन म्हणजे डालड्याचा धाकटा भाऊ, आणि डालडा म्हणजे ट्रान्स फॅट, तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी. पण खाद्यतेलं आणि वनस्पतीजन्य चरबीतल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे आधी १० टक्के, मग ५, २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा येत गेली. थोडं नैसर्गिक ट्रान्स फॅट तर लोण्यातही असतं. त्यामुळे "ते सगळं केमिकल असतं" असं म्हणून स्प्रेड झटकून टाकणाऱ्या काकांशी माझं जमत नाही.

मात्र डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचायची सवय मुलीने लावली, ती बरी झाली. "बाबा, ऑलिव्हचं चित्र बघू नका, यादीत पहिलं काय आहे ते बघा." आमच्या पहिल्या डब्यात पहिलं नाव पामतेलाचं होतं, आणि पामतेल जवळजवळ निम्मं संपृक्तच असतं. तेल घट्ट दिसायचं तर घट्टपणा कुठून तरी आणावा लागतोच. आधी तो तेलात हायड्रोजन वायू सोडून आणायचे, आता पामतेल किंवा 'इंटरएस्टरिफाइड' (रेणूंची मांडणी बदललेली) चरबी वापरून आणतात. दुसऱ्या डब्यात दुधाची चरबी आणि वनस्पती तेल असा संकर होता, तिसऱ्यात पामतेल यादीत बरंच खाली होतं. म्हणजे 'स्प्रेड' हा एक पदार्थ नाहीच, ते आडनाव आहे. घरात सगळे वेगळे.

चवीचं काय, असं सगळे आधी विचारतात. चवीवरून मी निकाल लावणार नाही, कारण चव म्हणजे निम्मी सवय. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या लेखी अमूल हेच मुळी नवं, खरं बटर म्हणजे पॉलसन. मुंबईत एके काळी पॉलसनची इतकी चलती होती की 'पॉलसन लावणे' म्हणजे साहेबाची हांजी हांजी करणे, असा वाक्प्रचारच पडला. पॉलसनचं लोणी आंबलेल्या सायीचं आणि चांगलं खारट. आणंदचं, म्हणजे अमूलचं, ताज्या सायीचं लोणी बाजारात आलं, तेव्हा मुंबईकरांना ते चक्क मिळमिळीत लागलं. मग मीठ वाढवावं लागलं आणि लोण्याचा तो ओळखीचा वास यावा म्हणून डायअसेटिल घालावं लागलं. आज जी 'अस्सल' चव म्हणून आपण जिभल्या चाटतो, तीही अशी बसवलेली आहे. स्प्रेडची चव मला पंधरा दिवसांत अंगवळणी पडली. मागे किंचित तेलकट ओशटपणा राहतो, पण चहाचा घोट घेतला की तोही जातो.

सकाळच्या घाईत तर स्प्रेड सरळ जिंकतो. फ्रिजमधून काढला, सुरी फिरवली, संपलं. बटर म्हणजे दगड. ते गार ब्रेडवर लावायला गेलं की ब्रेड फाटतो. ओट्यावर विसरलं तर ठाण्यातल्या मे महिन्यात तासाभरात त्याचं सूप होतं. चार महिने मी या एका सोयीवर खूश होतो.

मग माशी कुठे शिंकली? डब्यात.

मी रोज सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून रबाळ्याला जातो. आठवड्यातून तीन दिवस डब्यात सँडविच असतं. हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा, वर चाट मसाला. साडेसातला बांधलेलं सँडविच मी एक वाजता उघडतो. बटर होतं तोवर या साडेपाच तासांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. स्प्रेड आल्यावर पहिल्याच आठवड्यात झाकण उघडलं तर खालचा ब्रेड हिरवा आणि लिबलिबीत. उचलायला गेलो तर टोमॅटो एकीकडे, बोटं दुसरीकडे, आणि ब्रेडचा तळ डब्याला चिकटलेला. चमच्याने खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "आज उपमा का?"

दोष आधी टोमॅटोवर गेला. मग काकडी पुसून घेतली, चटणी घट्ट वाटली, ब्रेडचं दुकान बदललं. बायको म्हणाली, "अहो, चटणी वेगळ्या डबीत देऊ का?" म्हणजे सँडविचचं आता जेवणाचं ताट होणार! शेवटी उत्तर मिळालं ते राम मारुती रोडच्या बाजूला उभ्या असणाऱ्या सँडविचवाल्याकडे. माणूस मूळचा संगमनेरचा, वीसेक वर्षं तेच काम करतोय. तो ब्रेडला बटर कसं लावतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मधोमध थापून सोडून देत नाही. सुरी आडवी धरून चारही कोपऱ्यांपर्यंत, अगदी कडेच्या तपकिरी पट्टीला टेकेपर्यंत तो एकसारखा पातळ थर ओढतो. चटणी त्यानंतर. मी म्हटलं, कोपऱ्यात कशाला वाया घालवता? तो मान वर न करता म्हणाला, "चवीसाठी नाय लावत सायेब. पाणी अडवायला लावतो. कोपरा सुटला की तिथनं भिजतो."

गच्चीला डांबर लावतात, तसं हे. बटरमध्ये नियमाने किमान ८० टक्के दुधाची चरबी असावी लागते आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही. गार ब्रेडवर त्याचा घट्ट, मेणचट थर बसतो आणि टोमॅटोचं पाणी वरच थांबतं. फॅट स्प्रेडमध्ये चरबी ४० ते ८० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. आमच्या त्या हृदयवाल्या डब्यावर ४० लिहिलं होतं. बाकीचं बहुतेक पाणी, ते तेलात धरून ठेवायला इमल्सिफायर आणि टिकायला प्रिझर्वेटिव्ह. म्हणजे गच्चीला डांबर लावायचं सोडून मी ओला स्पंज ठेवत होतो. मीठ, काकडी आणि लोकलच्या डब्यातली गर्दीची ऊब मिळाली की तो थर धीर सोडतो, असा माझा अंदाज. प्रयोगशाळेत मोजलेलं नाही, पण डबा मी तीन महिने उघडून पाहिला आहे.

तव्यावरही पाण्याचा तोच त्रास. रविवारी पाव भाजायला तापल्या तव्यावर स्प्रेडचा गोळा टाकला की तडतड, मग फेस, मग शिंतोडे. पाणी उडून जाईपर्यंत पाव भाजला जात नाही, उकडला जातो. कडा कुरकुरीत होतच नाहीत. डब्यावर 'स्वयंपाकासाठी नाही' असं लिहिलेलंही होतं. ते मी नंतर वाचलं, हा माझा दोष.

आणि मग खरा घोटाळा झाला. सँडविच भिजतं म्हणून मी थर जाड करायला लागलो. टोस्ट कोरडा लागतो म्हणून वर आणखी एक हात. ४० टक्क्यांचं स्प्रेड दुप्पट लावलं की हिशेब पुन्हा ८० वर येतो, हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. पूर्वी १०० ग्रॅमचं बटर आमच्याकडे दहा-बारा दिवस चालायचं. स्प्रेडचा २०० ग्रॅमचा डबा बाराव्या दिवशी तळ दाखवायचा. 'हलकं आहे, चालतंय' असं म्हणत हात सैल सुटला होता. बटरची एक भीती असते, ती हात आखडता ठेवते. हृदयाच्या चित्राने माझी ती भीती घालवली.

पीनट बटरबद्दल थोडक्यात. ते मुळात बटरच नाही, दाण्याचा कूट जरा पुढे गेला की पीनट बटर. १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, हा मोठा फायदा. पण कॅलरी सहाशेच्या घरात, म्हणजे बारीक व्हायला कोणी खात असेल तर त्याने पुन्हा विचार करावा. साखर आणि वरून घातलेली चरबी नसलेलं घ्या, तेल वर तरंगेल, ढवळून घ्या. मुलगी पोळीला लावून गुंडाळी करून नेते, तिचं छान चाललंय. आईच्या कवळीला मात्र ते असं चिकटलं की तिने बाटली परत फडताळात ठेवून दिली आणि म्हणाली, "अरे, यापेक्षा दाण्याची चटणी दे, वर जरा दही घाल."

मग मी पुन्हा बटरवर आलो, पण जुन्या पद्धतीने नाही. घाऊक लावणं बंद केलं. सँडविचच्या तीन दिवशी बटर, तेही त्या संगमनेरच्या माणसासारखं पातळ आणि कोपऱ्यापर्यंत. दोन स्लाइसना मिळून लहान चमचाभर पुरतं. फ्रिजमधल्या दगडाचा इलाज सोपा निघाला. रात्री झोपताना तेवढाच तुकडा स्टीलच्या डबीत काढून बाहेर ठेवायचा. विसरलो तर सकाळी बारीक किसणीवर किसायचा, ब्रेडवर तो कीस सहज पसरतो. बाकीचे दिवस पोळी-भाजी, तिथे दोघांचंही काम नाही. थालीपीठ असेल तर घरचं पांढरं लोणी. साय साठवून, विरजून, घुसळून महिन्यातून दोनदा वाटीभर निघतं. त्यात मीठ नसतं, त्यामुळे रक्तदाबवाल्या आईलाही ते पिवळ्या बटरपेक्षा बरं. गरम थालीपिठाच्या भोकात लोण्याचा गोळा उतरतो आणि कडेने पाझरतो, तसं कुठल्याच स्प्रेडने केलं नाही. तिथे तुलना करणंही स्प्रेडवर अन्याय आहे.

रिपोर्टचं विचाराल तर पुढच्या दोन्ही वेळी आकडा थोडा उतरला. श्रेय मी ना स्प्रेडला देतो ना बटरला. मधल्या काळात संध्याकाळचं फरसाण सुटलं होतं आणि जेवणानंतर तलावपाळीला दोन फेऱ्या सुरू झाल्या होत्या. खरा हात बहुधा त्यांचाच.

ज्यांच्या घरी ब्रेड टोस्टरमधून निघून थेट तोंडात जातो, डबा-बिबा भानगड नाही आणि हात मुळात आखडता आहे, त्यांना चांगलं, पामतेल खाली असलेलं स्प्रेड खुशाल चालेल. दूध वर्ज्य असणाऱ्यांना तर बटर चालणारच नाही, त्यांना स्प्रेडच, फक्त यादीत दुधाची चरबी किंवा दुधाचा दुसरा कुठला घटक नाही ना, हे तपासून घ्या. बाकीच्यांनी एकदम मोठा डबा आणू नये. सगळ्यात लहान आणा, सकाळी साडेसातला काकडी-टोमॅटोचं सँडविच बांधा, आणि एक वाजेपर्यंत उघडू नका. चमचा मात्र सोबत ठेवा.