सामायिक स्प्रेडशीटवर चित्रपटाचा संसार: गोव्यातील पावसाळाभराचा अनुभव

फोंडा आणि डिचोली परिसरात चित्रित होणाऱ्या आमच्या कमी खर्चाच्या मराठी चित्रपटासाठी निर्मिती-व्यवस्थापनाचे सशुल्क ॲप घेणे परवडणारे नव्हते. त्यामुळे मे महिन्यापासून सामानाची नोंद आणि रोजची कॉलशीट (कोणी, कुठे, किती वाजता हजर राहायचे याचा तक्ता) ही दोन्ही कामे आम्ही मोफत मिळणाऱ्या एका सामायिक स्प्रेडशीटवर चालवत आहोत. निर्मिती व्यवस्थापक म्हणून माझे मत असे की, सामानासाठी ही शीट उत्तम आहे, माणसांसाठी मात्र ती अपुरी पडते.

सामानाच्या पानावर प्रत्येक नगाला क्रमांक आहे आणि तोच क्रमांक टेपवर लिहून नगाला चिकटवलेला आहे. सर्वांत उपयोगी ठरला तो ‘कोणाच्या ताब्यात’ हा रकाना, कारण त्यात ‘कॅमेरा विभाग’ असे लिहिण्यास मुभा नाही. एकाच व्यक्तीचे नाव लागते. पॅकअपनंतर ज्या नगासमोर ‘परत’ अशी नोंद नसेल ती ओळ लाल होते, आणि भाड्याच्या सामानाची अनामत वाचते ती याच लाल ओळींमुळे. मेमरी कार्डांनाही हाच नियम लावला आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केल्यास तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते, म्हणजे कार्डे दिवसभर फिरवावीच लागतात. दोन स्वतंत्र डिस्कवर प्रत उतरून तपासल्याची नोंद झाल्याशिवाय कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही.

पावसाळ्यासाठी वाढवलेला एक रकाना मी कोणालाही सुचवीन. लेन्सच्या हवाबंद पेटीतील आर्द्रता रोज रात्री नोंदवायची, ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची आणि सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करायचे. जुलैतल्या गोव्यात हे चुकले तर काचेवर बुरशी धरते. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर बाष्पही साचते, म्हणून आमच्या कॉलशीटमध्ये पहिल्या शॉटच्या बऱ्याच आधी ‘लेन्सपेटी बंदच बाहेर’ अशी स्वतंत्र ओळ असते.

बॅटऱ्यांची स्थिती शीटवर ठेवणे मात्र व्यर्थ आहे. चित्रीकरणाच्या धावपळीत ती कोणी बदलत नाही. भरलेल्या बॅटरीला हिरवी आणि रिकामीला लाल टेप पुरते.

माणसांच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. आमच्या प्रकाशविभागातील मुले देवळाच्या उत्सवी नाटकांत तयार झालेली असून कामात चोख आहेत, पण शीट उघडत नाहीत. शेवटी कॉलशीटचे चित्र करून व्हॉट्सॲपवर टाकावे लागते आणि स्पॉटदादांना (सेटवरील मदतनिसांना) रात्री फोन करावाच लागतो. सत्तरीतील काही ठिकाणी नेटवर्क नसल्याने छापील प्रतही जवळ ठेवावी लागते. तरीही उपलब्धतेच्या पानाने खर्च वाचवला: चवथीला (गणेश चतुर्थीला) कोण कुठल्या गावी असेल, सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवण किती जणांचे, दिवाडी बेटावर जाताना प्रकाशसाहित्याची गाडी कोणत्या फेरीबोटीने आधी पाठवायची, हे जेवणवाल्याला आणि गाडीवाल्याला वेळेत सांगता येते.

एकच युनिट (चित्रीकरणाचा चमू) असेल आणि शीटवर लिहिण्याचा अधिकार दोघातिघांपुरताच ठेवला, तर हे साधन पुरते. दुसरे युनिट समांतर चालणार असेल तर सशुल्क ॲपसाठी तरतूद करावी. आमच्या हिवाळी टप्प्यात दुसरे युनिट नाही, त्यामुळे शीट हीच राहील. फक्त लॅपल माइकसाठी (कपड्यांना लावायच्या छोट्या माइकसाठी) वेगळे पान जोडणार आहोत, कारण एवढ्या लहान वस्तू सध्या ‘इतर’ या सदरात हरवतात.