कन्सेप्ट टू रोअर्ग: डॅम्पर चारवर, लक्ष पायांवर

रोअर्ग, म्हणजे कन्सेप्ट टू कंपनीचं घरात बसून होडी वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं मशीन, घरात येऊन आता बरेच महिने झाले. उन्हाळ्यात आलं, पुण्याचा पावसाळा त्याने काढला, थंडीतही रोज चालतंय. आमच्याकडे ते तिघं वापरतात: मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. ज्यांना कळतं की घरी हे मशीन आहे, ते सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "डॅम्पर (चाकाच्या बाजूचा १ ते १० आकड्यांचा खटका) कितीवर ठेवायचा?" माझं उत्तर ठाम आहे. ३ ते ५ च्या मध्ये कुठेतरी ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. मेहनत वाढवायची असेल तर पायांनी वाढवा.

जिममध्ये बघा, बहुतेक मशीनांचा खटका १० वर नेऊन ठेवलेला सापडतो. असं होणं साहजिक आहे, कारण चुंबकाच्या सायकलवर आकडा वाढला की भार वाढतो. इथे डॅम्पर फक्त एवढंच ठरवतो की फ्लायव्हीलच्या, म्हणजे हँडल ओढल्यावर फिरणाऱ्या चाकाच्या, जाळीत हवा किती शिरणार. जास्त हवा शिरली की दोन स्ट्रोकच्या (हँडलच्या दोन ओढींच्या) मधल्या वेळात चाक लवकर मंदावतं आणि पुढच्या स्ट्रोकला ते पुन्हा वेगात आणायला जड जातं. कमी हवा असली की चाक फिरत राहतं, मग त्याला गाठायला पाय चपळ लागतात. १० वर ओढणं म्हणजे रुंद, जड होडी वल्हवणं. ४ वर ओढणं म्हणजे शर्यतीची निमुळती होडी. जड होडीत प्रत्येक स्ट्रोक रेंगाळतो आणि तो सगळा वेळ ताण कमरेवर राहतो. दहा मिनिटांनी मांड्या ताज्या आणि पाठ गेलेली, असं होत असेल तर आधी तो खटका खाली आणा.

या मशीनचा खरा गुण त्याच्या पीएम५ मॉनिटरमध्ये आहे. प्रत्येक स्ट्रोकनंतर चाक किती वेगाने मंदावतं हे तो मोजतो आणि त्यावरून तुम्ही लावलेली ताकद काढतो. म्हणून डॅम्पर कुठेही असो, २:३० चा स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) म्हणजे २:३० च. ५०० मीटरला अडीच मिनिटं म्हणजे सुमारे १०४ वॅट. हेच २:१५ वर आणायचं तर १४२ वॅट लागतात. वेळ फक्त दहा टक्के घटली, ताकद मात्र एक तृतीयांशाहून जास्त वाढली, कारण ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. महिनाभर राबून दोनच सेकंद कमी झाले म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे गणित जरूर करून बघावं. त्या दोन सेकंदांची किंमत मोठी असते.

डॅम्परच्या आकड्यापेक्षा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते तो आकडा, बघायची सवय लावून घ्या. मेनूत मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर आहे. तो उघडून पाच-सहा स्ट्रोक ओढले की आकडा दिसतो. मी ११५ च्या आसपास ठेवते, सासऱ्यांसाठी १०० पुरतो. पाण्यावर होडी वल्हवणारे खेळाडू बरेचसे ११० ते १४० च्या दरम्यानच असतात. एकाच डॅम्परवर दोन मशीनांचा ड्रॅग वेगळा येऊ शकतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे त्याच खटक्यावर इथे आकडा थोडा कमी दिसतो. धुळीचा फरक त्याहून मोठा. जाळीत धूळ आणि तंतू साचले की हवा अडते आणि ड्रॅग हळूहळू घसरतो. आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम सुरू झालं तेव्हा हे स्पष्ट दिसलं. व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, आकडा परत जागेवर.

आता स्ट्रोक, कारण सगळं इथेच आहे. पुढे आल्यावर नडग्या उभ्या, हात सरळ, कंबरेतून किंचित पुढे झुकलेलं अंग. याला कॅच म्हणतात. इथून आधी फक्त पाय ढकलायचे. हात दोरीसारखे ताणलेले, पाठ आहे त्याच कोनात. गुडघे जवळजवळ सरळ होत आले की अंग मागे झुकवायचं आणि सगळ्यात शेवटी हँडल बरगड्यांच्या खाली आणायचं. परतताना क्रम बरोबर उलटा: आधी हात, मग अंग, मग गुडघे. हँडल गुडघ्यांपलीकडे गेल्याशिवाय गुडघे वाकवायचेच नाहीत. जो माणूस परतताना हँडल गुडघ्यांवरून उचलून नेतो, त्याचा क्रम बिघडलेला असतो हे लांबूनही ओळखू येतं.

सर्रास दिसणारी दुसरी खोड म्हणजे सीट मागे सटकते आणि हँडल जागच्या जागी राहतं. पायांनी जोर तर लावला, पण हँडलला जोडलेल्या साखळीपर्यंत तो पोचलाच नाही. मॉनिटरवर फोर्स कर्व्हची (स्ट्रोकभर जोर कसा चढतो-उतरतो त्याची) आकृती लावून ठेवली की ही चूक लपत नाही. चांगल्या स्ट्रोकचा आलेख एकाच गोलसर टेकडीसारखा येतो. मध्ये खळगा पडून दोन उंचवटे झाले, तर पाय आणि पाठ यांच्यामध्ये कुठेतरी जोर सुटतोय. माझ्या मते मॉनिटरवरची ही सगळ्यात उपयोगी स्क्रीन आहे, आणि लोक ती उघडतच नाहीत.

आणखी एक सराव मनापासून सांगते: पाय पट्ट्यांतून मोकळे करून दहा मिनिटं ओढा. शेवटी अंग मागे गेलं की पाय टेकायच्या फळीवरून सुटत असतील, तर तुम्ही पट्ट्यांच्या आधाराने स्वतःला थांबवताय. मोकळ्या पायांनी रोइंग करताना जोर फळीवर शेवटपर्यंत ठेवावाच लागतो, आणि अंग किती मागे न्यायचं हे आपोआप कळतं. पट्टी बांधाल तेव्हा ती चवड्याच्या सगळ्यात रुंद भागावरून जायला हवी. हँडल बोटांच्या आकड्यात धरायचं, मूठ आवळायची नाही. तळहातावरचे फोड निम्मे तिथेच टळतात.

वेग म्हणजे घाई नव्हे, हे सासऱ्यांकडे बघून पटतं. ते मिनिटाला २० स्ट्रोक मारतात: प्रत्येकाला तीन सेकंद, एक सेकंद ढकलायला, दोन परतायला. मिनिटाला २० ने २:३० चा स्प्लिट धरला तर एका स्ट्रोकला १० मीटर पडतात. तोच स्प्लिट ३० ने काढला तर पावणेसातसुद्धा नाहीत. सुरुवातीचे महिने १८ ते २२ मध्येच राहा. सासऱ्यांच्या गुडघ्यांना धक्का नाही, चालण्यापेक्षा दम जास्त, आणि डॉक्टरांना विचारूनच त्यांनी सुरू केलं. त्या वयात ते अवश्य विचारावं.

पाण्यावरचे खेळाडू याच मशीनवर २००० मीटरची चाचणी देतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ रिओ २०१६ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी वल्हवण्याच्या शर्यतीत) १३वे आले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ डंकली-स्मिथ यांनी मशीनवरचे हे २००० मीटर ५:३५.८ मध्ये काढले, म्हणजे सरासरी ५९० वॅटच्या आसपास. सायकलवर वॅट मोजणाऱ्यांना हा आकडा काय आहे हे लगेच कळेल.

देखभाल थोडी, पण नेमाने. सीट सरकते ती रेल रोज पुसा, नाहीतर सीटच्या चाकांखाली काळा थर बसतो. साखळीला साधारण ५० तासांनी तेल, पावसाळ्यात मी त्याआधीच लावते. हवेवर चालणाऱ्या कुठल्याही मशीनला आवाज असतोच. झोपलेल्या बाळाच्या खोलीशेजारी हे ठेवू नये. लांबी जवळजवळ अडीच मीटर आहे, पण मधून दोन तुकडे होतात आणि ते भिंतीशी उभे राहतात. किंमत लाखाच्या वर जाते. जागा नसेल किंवा आवाज चालणारच नसेल तर चुंबकाचं घ्या, तंत्र तेच राहतं. बाकी जुनं मिळालं तरी डोळे झाकून घेऊ नका: साखळी ओढून बघा, ती झटकन आत जाते का आणि जाळीत किती धूळ आहे ते तपासा, आणि डॅम्पर १० वर नेऊन ड्रॅग किती येतो ते जागेवरच पाहा. तो दीडशेच्याही पुढे जात नसेल तर आत बरीच धूळ आहे. साफ करून पुन्हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.