जुना बंपर घ्यायचा तर जालन्यातल्या या शेडमध्ये आधी लावून बघा

जालन्यात मंठा चौफुलीच्या अलीकडे जुन्या पार्टचं एक पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही; बाहेर दरवाजे आणि डिक्क्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, त्यावरून ओळखायचं. माझ्या स्विफ्टला पुढचा बंपर मी इथूनच घेतला आणि जुना बंपर शोधणाऱ्यांनी सरळ इथं जावं असं माझं मत आहे. बंपर गाडीला लावून दाखवल्याशिवाय शेडचा मालक पैशाला हात लावत नाही.

मालकांना सगळे चाचा म्हणतात. मी म्हणालो, "चाचा, स्विफ्टचा पुढचा बंपर पाहिजे. जानेवारी २०१५ चं पासिंग आहे."

"पासिंग राहू द्या. बनली कधी? आरसी दाखवा."

आरसीवर उत्पादनाचा महिना सप्टेंबर २०१४. हा फरक मोठा आहे. दुसऱ्या पिढीची स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीनं तिचा पुढचा चेहरा बदलला. म्हणजे पासिंग २०१५ चं असलं तरी माझ्या गाडीचा बंपर जुन्या चेहऱ्याचा. नव्या चेहऱ्याचा उचलला असता तर जाळी आणि फॉग लॅम्पची कव्हरं जुळवत बसावं लागलं असतं. त्यांचा दुसरा प्रश्न मॉडेलचा. माझी व्हीडीआय, तिला फॉग लॅम्प नाहीत, त्या जागी बंद कव्हर असतं. आणि तिसरं म्हणजे, "तुटलेला बंपर फेकला तर नाही ना?" तो गाडीवरच लोंबत होता. अंबडकडच्या आमच्या मोसंबीच्या बागेत जाताना बांधाच्या दगडावर आपटून डावी बाजू फाटली होती.

पुढचं जे पाहिलं ते मला सगळ्यात आवडलं. चाचांनी माझा बंपर उतरवला, त्यांच्याकडचे दोन काढले आणि तिन्ही बारदानावर उताणे ठेवले. बाहेरचा रंग कुणी बघतच नव्हतं. आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये उठलेला पार्ट नंबर असतो. मारुतीच्या पुढच्या बंपरचा ७१७११ नं आणि मागच्याचा ७१८११ नं सुरू होतो. तो ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी माझ्या बंपरशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. मग फेंडरजवळच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याजवळच्या, टोकांवर बोट फिरवलं. तिथं छोटे लॉक असतात, ब्रॅकेटमध्ये खटकन बसणारे. पहिल्या बंपरचा एक लॉक गरम सळईनं चिकटवलेला होता, प्लास्टिक वितळून गाठ झालेली. बाहेरून तो बंपर चकाचक होता, पण चाचांनी तो स्वतःच बाजूला सारला. "ये नहीं चलेगा, दो महिने में कोना बाहर आ जाएगा."

दुसऱ्याचे लॉक शाबूत होते. वरच्या क्लिपची भोकं फाटलेली नव्हती, आतून वेल्डिंगची रेघ नव्हती. तरी मी खिसा चाचपायला लागलो तर म्हणाले, "पैले लगा के देखो, पैसे बाद में."

चाचांच्या हाताखालच्या पोरानं आधी बंपरच्या मागची लोखंडी पट्टी वाकली आहे का ते पाहिलं. ती वाकलेली असेल तर चांगला बंपरही तिरका बसतो आणि दोष बंपरला लागतो. मग दोन्ही टोकं ब्रॅकेटमध्ये दाबली, वरच्या क्लिप ठोकल्या, चाकाजवळचे स्क्रू नुसते अडकवले. चाचांनी पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बंपर आणि हेडलाइटच्या फटीतून उजवीकडे सरकवलं, मग डावीकडे. उजवीकडे सैल गेलं, डावीकडे अडलं. पोरानं डावं टोक पुन्हा काढून बसवलं, तेव्हा दोन्हीकडे सारखं सरकलं. बॉनेट तीनदा आपटून पाहिलं. त्यानंतर स्क्रू आवळले.

बाराशे रुपये, फिटिंग धरून. रंगही तोच, सिल्की सिल्व्हर. पण आमच्याकडच्या उन्हात गाड्यांचा रंग वेगवेगळा उतरतो, त्यामुळे फेंडरच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर किंचित फरक दिसतो. मला तो चालतो. तुम्हाला चालत नसेल तर पेंटिंगचा खर्च आधीच धरा आणि पेंटरला प्लास्टिकचा प्रायमर मारायलाच लावा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

विम्यातून का नाही केलं, असं भावानं विचारलं. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वरून एक हजार आपल्या खिशातले. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. दहा वर्षं जुन्या गाडीच्या एका बंपरसाठी हा सौदा परवडत नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असेल तर गोष्ट वेगळी.

परभणीच्या माझ्या मेव्हण्यानं एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून फोटो बघून मागचा बंपर मागवला होता. त्याची गाडी २०२० ची. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, म्हणून त्याला सेन्सरची भोकं असलेला बंपर हवा होता. आला तो २०१८ च्या गाडीचा, एकही भोक नाही. परत घ्यायला विक्रेत्यानं साफ नकार दिला. ट्रान्सपोर्टचं भाडंही मेव्हण्याच्याच माथी. फोनवर घ्यायचाच असेल तर आतल्या बाजूचा, पार्ट नंबरचा आणि दोन्ही टोकांचा फोटो मागवा; तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथं घेऊच नका.

चाचांकडच्या दोन गोष्टी मला खटकल्या. क्लिप जुन्याच लावतात. मी बाजारातून नव्या आणून त्यांच्या हातात दिल्या, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता बदलल्या. दुसरं, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा, आणि तिच्यावर गाडीचं मॉडेल आणि पार्ट नंबर लिहून घ्या. जुन्या मालाची पावती आपल्याकडे असलेली बरी. शुक्रवारी दुपारी नमाजला शेड बंद असतं, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही, त्यामुळे सकाळीच जा. गाडी सोबत न्या. नुसता फोटो घेऊन गेलात तर ते तुम्हाला परत पाठवतील.