मेंदूचं वय सांगणारं ॲप : दोन तारे

माझं वय ६७. चार महिने रोज वीस मिनिटं खेळलो. जोड्या लावण्यात गुण वाढले, पण चष्मा कुठे ठेवला ते अजूनही आठवत नाही. म्हणजे सराव झाला तो त्या खेळाचाच! 'मेंदूचं वय ५१' हा आकडा तर निव्वळ गुदगुल्या. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, मुळात जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड. वयाबरोबर तो पातळ होतो. कपाळामागे जास्त, दृष्टीच्या भागात त्यामानाने कमी. पेशी धडाधड मरतात असंही नाही, त्यांच्या फांद्या आणि जोडण्या विरळ होतात. हे माझ्या टिचक्यांवरून फोनला कसं कळणार? शब्दकोडी मात्र झकास. शब्दसंग्रह उतारवयातही टिकतो, तिथे मी नातवाला हरवतो. घड्याळ लावलेल्या फेरीत तो मला. आणि जाहिरात बंद करायची फुली केवढी ती बारीक!